उशिरा पोचलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बॅग. माझे एक चाक कुरकुरते, चेन मध्येच अडते, तरी अजून मोडीत निघालेली नाही.

दुकानातून मला एका प्रवचनकारांनी आणले. देवाने दिलेली हवा, पाणी, झाडे जपा, असे ते देशोदेशी जाऊन सांगत. त्यामुळे आम्ही सारखे विमानात. माझ्या मुठीला विमानतळांच्या चिठ्ठ्या लटकत. ते त्या काढत नसत आणि मलाही त्यांचा मोठा तोरा होता.

एकदा ते वाटेत थोरल्या बहिणीकडे उतरले. ताई निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी, जिभेला धार. तिने माझ्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या.

"हवा जपा, हे सांगायला एवढा उडतोस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण."

ते हसले नाहीत. घरी परतल्यावर प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर त्यांनी देवाला शब्द दिला, की यापुढे विमानात बसणार नाही. मी माळ्यावर गेले. खरे सांगते, मला ताईचा फार राग आला.

चौथ्या वर्षी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताईच्या हृदयाचे ऑपरेशन होते, चार दिवसांनी. विमानाने तीन तास, आगगाडीने तीन दिवस.

"जा की विमानाने," प्रार्थनेला येणारा शिंपी म्हणाला. "देव काय एवढा हट्टी आहे?"

"देव नाही, मी कच्चा आहे. एकदा सूट घेतली, की दर वेळी कारण सापडेल."

त्यांनी मला माळ्यावरून काढले आणि त्याच संध्याकाळी आम्ही आगगाडीत बसलो. वाटेत गाडी रखडली, पुढची चुकली. पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन एक दिवस उलटला होता.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आत नेईपर्यंत मी दाराकडेच बघत होते," ती म्हणाली.

ते तिचे पाय चेपत बसले. मग तिने विचारले, "परत कधी?"

"तू हिंडायला लागलीस की."

पूर्वी ते दुसऱ्याच दिवशी निघत. या वेळी आम्ही सात आठवडे राहिलो. माझ्यातले सगळे कपडे तिच्या कपाटात गेले. ते स्वयंपाक करत, हात धरून तिला जिना उतरवत. ती पुन्हा चिडवू लागली, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मित्रांनो, ते बरोबर वागले का, हे मला आजही ठरवता येत नाही. शब्द त्यांनी दिला आणि झळ ताईला लागली, याचे मला वाईट वाटते. म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. एका सभेसाठी, दोन दिवसांच्या मौजेसाठी आम्हा बॅगांना आकाशात नेऊ नका. सगळ्यांनी थोडी थोडी उड्डाणे सोडली असती, तर एकट्या माणसाला एवढा कडक शब्द द्यावा लागला नसता, आणि ताई भावाचा हात धरून आत गेली असती.