थर्मास निघाला पादुआला

मित्रांनो, या क्षणी मी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने पळतो आहे आणि माझ्या पोटातला चहा जराही सांडलेला नाही! खिडकीबाहेर इटली नावाचा अख्खा देश भराभर मागे चालला आहे. द्राक्षांचे मळे, लाल कौलांची घरं, टेकडीवरचं एखादं चर्च, आणि मधूनच काळोखा बोगदा. एवढी मजा माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण मी आहे एक जुना थर्मास. बाहेरून पत्र्याचा, हिरव्या रंगावर गुलाब रंगवलेला. आतून काचेचा, आरशासारखा चकचकीत. बुडाशी एक पोचा आहे, त्याचीही गोष्ट सांगेन.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझी काच फुंकणाऱ्या माणसाच्या श्वासाची ऊब तेवढी आठवते. मग जहाजात बसून मी ओमानला आलो आणि मस्कतच्या मत्रा बाजारात एका फळीवर उभा राहिलो. तिथे एक दिवस वसईचे एक तरुण आचारी आले. मस्कतच्या हॉटेलात ते नोकरीला होते. त्यांनी मला उचललं, बूच काढून माझं तोंड आपल्या कानाला लावलं आणि आतला गुणगुणता आवाज ऐकला. जुनी माणसं थर्मास अशीच पारखून घेत. "हा ऊब धरेल," ते म्हणाले आणि मला घरी घेऊन गेले.

काय दिवस होते ते! शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाली की सगळी मंडळी समुद्राकाठी जायची. बरोबर उकडलेली अंडी, पावाच्या लाद्या आणि मी. आचारीबुवांचा मुलगा बेसिल तेव्हा लहान होता. मला हात लावायचा नाही अशी त्याला सक्त ताकीद होती, म्हणूनच बहुधा एकदा तो मला छातीशी धरून पायऱ्यांवरून धावत सुटला. आम्ही दोघंही दगडावर आपटलो. त्याची हनुवटी फुटली आणि माझी काच. त्याला दवाखान्यात टाके घातले, तर मला बाजारातून नवी काच आणून बसवली. माझ्या बुडाचा पोचा त्या दिवसाचा.

पुढे आचारीबुवा बायकोला घेऊन वसईला परतले आणि तिथेच वारले. बेसिल मात्र शिकून पुन्हा ओमानला आला आणि त्याच्या सामानातून मीही. पण आता मला कोण विचारतो? रस्त्याच्या कडेच्या चहावाल्यासमोर गाडीचा हॉर्न वाजवला की कागदी कपात कडक चहा हातात येतो. मी वर्षानुवर्षं ओट्याखाली, रिकाम्या बरण्यांच्या मागे पडून राहिलो. बुचाला कुबट वास येऊ लागला.

बेसिलचं घर आता मस्कतच्या माबेला भागात आहे आणि त्याच्या नोकरीचा कारखाना दूर सोहारच्या औद्योगिक वसाहतीत. म्हणजे रोज पहाटे मुलं झोपेत असताना निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. जाताना दोन तास, येताना दोन तास. सुट्टीच्या दिवशीही गाडी त्याच्याच हातात. चर्चला नेणं, बाजारात नेणं, शेरविनला शिकवणीला नेणं. शेरविन मोठा, नववीतला. कॅन्डिस धाकटी, नऊ वर्षांची, तिचं मराठी अडखळत चालतं. त्यांची आई इरीन मस्कतमधल्याच घाला भागातल्या एका ऑफिसात आहे.

यंदा आजी, म्हणजे बेसिलची आई, वसईहून राहायला आली. भांडी आवरताना तिचा हात माझ्यावर पडला. ती कितीतरी वेळ मला धरून उभी राहिली. मग तिने मला सोड्याने घासलं, उन्हात वाळवलं आणि बुचाखाली नवं फडकं बांधलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात पुन्हा गरम चहा उतरला तेव्हा माझी काच सुखाने चटचट वाजली.

त्याच चहाबरोबर इटलीची गोष्ट निघाली. पादुआला संत अंतोनीच्या समाधीला हात लावायचा, ही आजीची जुनी इच्छा. गुडघे चालतात तोवर जाऊन येऊ, असं बेसिलने ठरवलं. मस्कत ते रोम विमान, हे पक्कं होतं. पण रोम ते पादुआ कसं जायचं? इथे घरात तट पडले.

बेसिल म्हणाला, गाडी भाड्याने घेऊ. मस्कतहून हजार किलोमीटरवरच्या सलालाला तो एका दमात गेलेला माणूस. रोम-पादुआ त्याला किरकोळ वाटत होतं. इरीनला विमान हवं होतं. एका तासात पोहोचतो, मग देह कशाला शिणवायचा?

"आणि सुट्टीत पण तूच गाडी मारणार का?" ती बेसिलला म्हणाली. "मग तुझ्या मालकाला, अर्बाबाला सांग, ओव्हरटाइम दे म्हणून."

शेरविनने मोबाइलवर शोधाशोध केली. विमान व्हेनिसला उतरतं, तिथून पादुआ वेगळं. दोन्हीकडच्या विमानतळांची ये-जा आणि तपासणीच्या रांगा धरल्या, तर तासाभराच्या उड्डाणाला अर्धा दिवस जातो. गाडीचं म्हणाल, तर तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना मनाई असते. चुकून शिरलं तर कॅमेरा टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. इरीनच्या ऑफिसातली खुदेजा इटली फिरून आली होती. ती म्हणाली की सिसिली बेटावर जायचं तर विमान, डोंगरातली लहान गावं बघायची तर गाडी, पण एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात जायला आगगाडीसारखं सुख नाही.

आगगाडी! ओमानमध्ये माणसांची आगगाडी अजून नाही. वसईलाही सामान फार म्हणून ही मंडळी विमानतळावरून मोटारीनेच घरी जात. मुलं आगगाडीत कधी बसलीच नव्हती. मीही नाही. माझं मन लगेच तिकडे धावलं. शिवाय विमान म्हटलं की माझ्यातला चहा तपासणीलाच ओतून टाकणार.

बेसिल मात्र हटेना. "एकदा गाडीने करून बघू," तो म्हणाला. "इथून सूर शहराला जाऊन-येऊन तेवढंच अंतर पडतं. शुक्रवारी निघू. मजा आली तर इटलीत गाडी, नाही तर तुम्ही म्हणाल ते. यल्ला, चला."

शुक्रवारी आम्ही निघालो. रस्ता सुरेख, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र. बेसिल खुशीत होता. पण थोड्याच वेळात शेरविनच्या कानात गाणी गेली, इरीनचा डोळा लागला आणि आजी आखडलेला गुडघा चोळत बसली. बेसिल पुढे काहीतरी गमतीचं सांगत होता, ते मागे कुणाला ऐकू येत नव्हतं. चहा हवा असला की त्याचा हात मागे यायचा, आजी त्यात कप द्यायची. कॅन्डिस मांडीवर वही ठेवून चित्र काढत होती.

परतताना कुरियातच्या पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा तिने ते दाखवलं. आमची इटली. झुकलेला मनोरा, त्याच्यासमोर आमची गाडी. इरीनचं तोंड होतं, शेरविनचं होतं, आजीचं चष्म्यासकट होतं, अगदी माझे गुलाबसुद्धा होते. पुढच्या सीटवर मात्र काळे केस, दोन कान आणि मान. वर छोट्या आरशात दोन डोळे.

"अगं, बाबाला तोंड का नाही काढलंस?" आजीने विचारलं.

"डॅडी असाच दिसतो ना, आजी," कॅन्डिस म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

शेरविन हसला. इरीन हसली नाही. बेसिलने चित्र हातात घेतलं, आरशात एकदा पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तरी त्याने किल्ली फिरवली नाही. तेव्हा मला उमगलं की घरातला वाद इटलीच्या रस्त्यांचा नव्हताच. बेसिल सगळ्यांना नेणार, की सगळ्यांबरोबर जाणार, एवढाच प्रश्न होता.

"शेरविन," तो शेवटी म्हणाला, "आगगाडीची तिकिटं बघ. समोरासमोरच्या सीट मिळतात का विचार."

आणि म्हणून मी इथे आहे! मस्कतहून रिकामा आलो, आजीच्या टॉवेलात गुंडाळलेला. विमानतळावरच्या माणसाने माझ्यात डोकावून पाहिलं, तेव्हा त्याला आत त्याचंच नाक दिसलं असणार. आज सकाळी रोमच्या खोलीत इरीनने चहा करून मला भरलं. आता मी टेबलाच्या मधोमध उभा आहे. एकीकडे आजी आणि कॅन्डिस, दुसरीकडे बेसिल आणि इरीन, शेरविन पलीकडच्या खिडकीशी. बेसिलला पहिल्यांदा हातांचं काय करावं तेच कळेना. बोगदा आला की त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा.

"अरे, ब्रेक तिकडे आहे, इंजिनात," इरीन म्हणाली, तेव्हा तो मोकळेपणाने हसला. फ्लॉरेन्स मागे पडलं. त्याने चहाचा शेवटचा घोट घ्यायला मान मागे टाकली, आणि कॅन्डिस टेबलावरून पुढे झुकली.

"डॅडी, इथे काय झालंय?" तिने त्याच्या हनुवटीखाली बोट ठेवलं.

नऊ वर्षांत तिला तो व्रण दिसला नव्हता. बेसिलने आजीकडे पाहिलं, आजीने माझ्याकडे. मग बेसिलने मला आडवं करून माझ्या बुडाचा पोचा तिला दाखवला आणि समुद्राकाठच्या पायऱ्यांची गोष्ट सुरू केली. आजी मधेमधे त्याच्या चुका काढत होती. पलीकडे शेरविनने कानातली गाणी काढून ठेवली. कॅन्डिसचं एक बोट माझ्या पोच्यावर होतं, दुसऱ्या हाताचं तिच्या डॅडीच्या हनुवटीवर. बोगदा आला, काळोख झाला, तरी गोष्ट थांबली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही ओट्याखाली कुणी माझ्यासारखा पडला असेल. त्याला काढा, घासा, कानाला लावून ऐका. आमची काच नाजूक असते, पण जपली तर खूप ऊब धरते. आणि लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा कुठलं वाहन आधी पोहोचतं ते जरूर बघा, पण रोज तुम्हाला नेणाऱ्या माणसाला त्यात समोरची जागा मिळते का, तेही बघा.

आता मला थांबायला हवं. कॅन्डिसने वहीचं नवं पान उघडलं आहे, आणि ती बेसिलला सांगते आहे, "डॅडी, हलू नको. आत्ता तोंड काढते."