खूप दिवसांत आला नाहीत

सुधींद्रला लोकांशी बोलता येत नसे. हा काही गुन्हा नव्हे, पण दुकानदाराने असं असू नये. आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं फायलींशी संसार केला होता, आणि फायलींना कधी "काय, बरं आहे ना?" असं विचारावं लागत नाही. दुकान त्याच्या बायकोचं, हरिप्रियाचं. तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या जुन्या वस्तीत, बसथांब्यामागच्या गल्लीत, एक पायरी चढलं की मेतकूट, भाजणी, सांडगे, पुडचटण्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढे हरिप्रियाची अखंड बडबड. अडीच वर्षांपूर्वी ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. सुधींद्रने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तिच्या स्टुलावर येऊन बसला. तो पुडा देई आणि भिंतीकडे बघत राही. गिऱ्हाइकं गळत गेली.

गिऱ्हाइकांचं एक वेळ चाललं असतं. त्याला आतून पोखरत होती ती ऊर्मीची काळजी. मुलगी वीस वर्षांची, कॉलेज अर्ध्यावर टाकून घरी बसलेली. ताटातलं चिवडून उठायची, हाक मारली की हूं म्हणायची, आणि आईचा फोन तेवढा रोज न चुकता चार्ज करायची. एक गेली तशी दुसरीही आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू निघाली आहे, असं सुधींद्रला वाटे, आणि त्यावर काय करावं हे त्याला मुळीच कळत नसे.

म्हणून कुणीतरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कार्यशाळेचा कागद हातात दिला तेव्हा तो ऊर्मीला ओढतच घेऊन गेला. व्यासपीठावर देवेश नावाचा एक गुलाबी शर्टातला गृहस्थ होता. छोट्या दुकानदारांनी मोठं कसं व्हावं हे तो स्वतः कधीही दुकान न चालवता सांगत होता. "नव्या गिऱ्हाइकामागे धावू नका," तो म्हणाला. "जे यायचे थांबले त्यांना नाव घेऊन बोलवा. त्यांची आवडनिवड लक्षात ठेवा. आपली कुणाला तरी आठवण आहे, एवढंच माणसाला हवं असतं." सुधींद्रला जांभई आली. पण शेजारी ऊर्मीने पर्समधून पेन काढलं होतं आणि ती भराभर लिहून घेत होती.

घरी आल्यावर तिने आईचा फोन उघडला. त्यात चारशे बारा गिऱ्हाइकं होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे हरिप्रियाची टिपणं. 'वेंकटरमण मामा, तिखट कमी, गुडघ्याचं विचारणे.' 'बँकेतल्या बाई, सुनेचा विषय काढू नये.' वाचता वाचता ऊर्मी हसली. अडीच वर्षांत सुधींद्रने ते हसू पाहिलं नव्हतं, त्याला भरून आलं.

आपल्या फोनवर तिने निरोप तयार केला, प्रत्येकाला त्याच्या नावाने, त्याच्या भाषेत. 'खूप दिवसांत आला नाहीत. तुमची आठवण येते. तुमच्या आवडीचं काढून ठेवलं आहे. नक्की या. हरिप्रिया.'

"अम्माचं नाव कशास घातलंस?" सुधींद्रने विचारलं.

"तुमचं घालूं? तुम्हांस कोण ओळखतंय, अप्पा?"

हे खोटं नव्हतं. त्याचं मन जरा खट्टू झालं, पण पोरगी हसत होती. त्याने मान डोलावली. एरवीही तो दुसरं काही करत नसे.

सोमवारी सकाळी निरोप गेले. मंगळवारपासून माणसं यायला लागली. बिचकत यायची, हरिप्रियाच्या फोटोकडे बघून चुकचुकायची, दोन पुडे जास्तच घेऊन जायची. ऊर्मीने त्याला पढवून ठेवलं होतं. दारात माणूस दिसलं की तोंड उघडून 'या' म्हणायचं, नाव घ्यायचं, टिपणातलं एक वाक्य विचारायचं. सुधींद्र घोकून घोकून तसं करू लागला आणि त्याला ते जमू लागलं. ऊर्मी दोन वेळा जेवायला लागली.

गुरुवारी दुपारी तीनला, गल्लीत उन्हामुळे कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा, वेंकटरमण मामा आले. हे सुधींद्रच्या घरच्यांसारखेच तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले, तीन गल्ल्या सोडून राहणारे. पायरीच्या खाली उभे राहिले. वर चढेनात.

"या, मामा, या आंत," सुधींद्र म्हणाला, तेव्हा कुठे ते आत आले. "गुडघा काय म्हणतोय?"

"आतां मुळीं दुखत नाही," मामा म्हणाले. इतक्या उन्हातून आले होते, पण सदऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता. "अलमेलू घरीं आहे कां?"

प्रश्न जरा विचित्रच. आपल्या बायकोचा ठावठिकाणा कुणी दुकानदाराला विचारतो का? पण देवेशने सांगितलं होतं, गिऱ्हाइकाला उलट प्रश्न करू नये. "असतील की," सुधींद्र म्हणाला. "सकाळीच भाजीवाल्याशी बोलताना दिसल्या." मामांनी मान डोलावली, "येतों," म्हणाले आणि गेले. मेतकुटाचा पुडा तसाच फळीवर राहिला.

संध्याकाळी सुधींद्र तो पुडा घेऊन त्यांच्या घरी गेला. नवीन नवीन ग्राहकसेवा अंगात आली होती ना! अलमेलू मामींनी दार उघडलं आणि त्यांच्या मागे भिंतीवर त्याला वेंकटरमण मामांचा फोटो दिसला. फोटोला चंदनाचा हार होता.

"पोंगलच्या आधींच गेले ते," मामी म्हणाल्या. "तुज कुणी कळवलं नाही?"

दुपारचं त्याने कसंबसं सांगितलं. मामी घाबरल्या नाहीत. पुडा हातात घेऊन त्या खुर्चीवर बसल्या.

"तुमचा निरोप त्यांच्या फोनांत आला. मींच वाचला. या म्हणून लिहिलं होतं." त्यांनी पुडा मांडीवर ठेवला. "अरे, मेल्याच्या घरून उठतांना आपण येतों म्हणतों काय? घरचे तरी तुज या म्हणतात काय? इथले तमिळ लोकही म्हणत नाहीत. कां म्हणत नाहीत, तूं कधीं विचार केलास?"

त्याने केला नव्हता. असल्या गोष्टींवर कोण विचार करतो? आजी सांगायची, आई सांगायची, आपण तोंड मिटून निघून यायचो.

"बोलावलंस, ते आले," मामी शांतपणे म्हणाल्या. "माझी चौकशी केली कां रे त्यांनी?"

"केली."

"मी घरीं आहे म्हणून सांगितलंस?"

"हो, मामी."

"सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुडा पदराखाली घेतला.

शनिवारी दुपारी त्या गेल्या. पंख्याखाली आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. सुधींद्र गेला तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर दोन पाट मांडलेले होते आणि दोन पानं वाढलेली होती. भात, तूप, मेतकूट. दोन्ही पानांवर बोटं फिरलेली होती. शेजारणी कुजबुजत होत्या की म्हातारीला भ्रम झाला होता. सुधींद्र बाहेर आला. निघताना तो कुणालाच काही बोलला नाही.

रविवारभर तो दुकानात फोन करत बसला. ज्या माणसाला शेजाऱ्याशी चार शब्द बोलायला जड जात होतं त्याने दिवसभरात दोनशे घरं फोनवर गाठली. सगळे ठीक ना, घरचे सगळे ठीक ना, एवढंच विचारी. अकरा घरांतून कळलं की ज्यांच्या नावाने निरोप गेला ते केव्हाच गेले. दोन ठिकाणी फोन कुणी उचललाच नाही. शेवटी त्याने देवेशला फोन लावला आणि जीव मुठीत धरून विचारलं, पाठवलेलं बोलावणं परत कसं घ्यायचं? "परत कशाला घेता, सर?" देवेश खूश होऊन म्हणाला. "प्रतिसाद येतोय म्हणताय ना?" अशा माणसाला काय सांगणार! सुधींद्रने फोन ठेवला.

मग एक विचार त्याच्या डोक्यात आला आणि तो उठून आत गेला. ऊर्मी मागच्या खोलीत पुडे बांधत होती. ती आईची हिरवी साडी नेसली होती.

"तो निरोप सगळ्यांना पाठवलास?"

"सगळ्यांना."

"अम्माच्या नंबरालाही?"

ऊर्मीने मान वर केली नाही. "पहिला तिलाच. फोन कपाटांत बंद होता, अप्पा. तरी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या."

"ऊर्मी, अलमेलू मामींचं तुज ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग? ती आली आणि तुज न्यायला आली, तर?"

"तर जाईन," ती म्हणाली. दोरा दातांनी तोडला आणि पुढचा पुडा घेतला. इतक्या साधेपणाने म्हणाली की सुधींद्रला ओरडताही येईना. त्याने समजावलं, हात जोडले, घरी चल म्हणून दटावलं. ती जागची हलली नाही. उद्या दुकान उघडूच नये, असं त्याच्या मनात आलं. पण पत्ता हरिप्रियाला घराचाही ठाऊक होता, दुकानाचाही. निदान दुकानात दाराशी आपण असू.

सोमवारी त्याने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्टूल थेट पायरीपाशी ठेवलं. सकाळची गिऱ्हाइकं येऊन गेली. तीन वाजले. गल्ली पांढरीफटक पडली होती. त्याने चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि पायरीखाली हरिप्रिया उभी होती.

आजारपणातली नव्हे, त्याच्या आधीची. खांद्यावर पिशवी, कपाळावर कुंकू, बाजारातून आल्यासारखी. तिने दुकानावर नजर फिरवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, सांडगे खालीं कां ठेवलेत? दिसायचे कसे लोकांस?"

अडीच वर्षांत त्या आवाजासाठी त्याने काय दिलं नसतं! कितीदा तो या स्टुलावर बसून मनातल्या मनात तिच्याशी भांडला होता, तू बोलायचीस आणि मी ऐकायचो, हेच ठरलं होतं ना, मग मला एकट्याला कशाला बोलायला लावलंस. आता ती चार हातांवर होती. एक अक्षर उच्चारायचं, की ती वर चढून आत येणार, त्याला उठवून आपल्या स्टुलावर बसणार. त्याच्या ओठांवर ते आलंही. त्याला ती हवी होती, फार हवी होती.

"ऊर्मी आहे ना आंत?" तिने विचारलं.

आत दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला. नाही म्हणून भागणार नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "तूं जा."

हरिप्रियाला ऐकू आलं नसावं असं वाटलं. बायकोला, मुलीला, दारच्या भिकाऱ्यालासुद्धा त्यांच्या घरात कुणी नुसतं 'जा' म्हटलेलं नव्हतं. 'जाऊन ये' म्हणत. तिचा चेहरा दटावल्यावर लहान मुलीचा होतो तसा झाला.

"मज म्हणतां?"

"तुजच. जा, हरिप्रिया. परत येऊं नकोस. तिला मी जेवूं घालीन, तिच्याशी बोलेन, मज बोलतां येतं आतां. तूं जा."

मग पिशवी तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली. "जातें," म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. ती बसथांब्याच्या दिशेने चालत गेली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. तिने वळून एकदा तरी बघावं म्हणून त्याने वाट पाहिली नाही, असं नाही.

मागचं दार उघडलं. ऊर्मी साडीचा घोळ हातात धरून बाहेर आली, पायरीपर्यंत धावली, दोन्ही बाजूंना बघितलं.

"अम्मा आली होती."

"हो."

"काय म्हणालात तिला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "जा म्हणालों," सुधींद्रने सांगितलं.

ऊर्मीच्या गळ्यातून असा आवाज निघाला की समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. ती त्याच्या अंगावर धावून आली. छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे मुठींनी मारू लागली. आई गेली त्या दिवशीही ही रडली नव्हती, ती आता गल्ली डोक्यावर घेऊन रडत होती आणि त्याला वाटेल ते बोलत होती. खुनी म्हणाली, दगड म्हणाली. सुधींद्रचा चष्मा पडला. तो बाजूला झाला नाही. मुठींना जोर होता, त्या चांगल्या लागत होत्या, आणि पोरीचे हात तव्यासारखे गरम होते. "मार," तो म्हणत होता. "अजून मार."

पायरीखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. चष्म्याशिवाय त्याला नीट दिसेना. गिऱ्हाईक असेल, नाहीतर त्या अकरांपैकी कुणी असेल. ते बोलावण्याची वाट बघत थांबलं होतं. सुधींद्रने ऊर्मीला घट्ट धरून ठेवलं आणि त्या दिवशी कुणालाही आत बोलावलं नाही.