खरबरीत अंगाचा रणगाडा

मी एक जुना रणगाडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी वीतभर आहे आणि प्लॅस्टिकचा आहे. माझ्या तोफेने आजवर मुंगीदेखील मारलेली नाही.

१९९६ साली सिन्नरच्या पुंजारामने नाशिकहून माझे सुटे भाग आणून मला जोडले, ते थोरल्या भावासाठी, दत्तूभाऊंसाठी. ते पूर्वी फौजेत रणगाडा चालवायचे. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी मला चाचपले आणि म्हणाले, "हा तर साबणाच्या वडीवानी लागतोय. खरं पोलाद ओतीव असतं, खरबरीत असतं."

पुंजाराम कारखान्यात लोखंडाचे ओतकामच करायचा. त्याने रंगाऱ्याची लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, पातळ करून माझ्या अंगाला फासली आणि ओली असतानाच दात घासायच्या जुन्या ब्रशने टोचून काढली. वर मातकट रंग दिला. मी कुरूप झालो, पण दत्तूभाऊंचा हात माझ्यावर स्थिरावला.

"आता वळखला," ते म्हणाले.

मग रोज संध्याकाळी ते मला मांडीवर घेत. लढाईबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. पत्नी लताबाईंनी विचारणे केव्हाच सोडले होते.

काही वर्षांनी एका खंडेनवमीला घरातले कोयते, पहारी, नट आवळायचे पाने घासून पूजेला मांडले. लताबाईंनी भक्तिभावाने मलाही तारेच्या घासणीने लख्ख केले आणि कुंकू लावले. शस्त्रांत गणना झाली म्हणून मी थोडा फुगलो. माझा खरबरीतपणा मात्र मोरीतून वाहून गेला होता.

संध्याकाळी दत्तूभाऊंनी मला उचलले आणि लगेच खाली ठेवले. "हा नाय. माझा कुठंय?"

"अहो, त्योच हाय. मीच घासला, पूजेसाठी," म्हणताना लताबाईंना रडू फुटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लांबी कालवली. दत्तूभाऊ बोटाने जागा दाखवत, त्या टोचत. काम ओबडधोबड झाले. तोफेखालच्या फिरत्या घुमटात, म्हणजे बुरुजात, लताबाईंचा अंगठा रुतला आणि तो खळगा तसाच वाळला.

रंग देण्याआधी दत्तूभाऊंनी मला चाचपले. त्यांचे बोट त्या खळग्यात गेले आणि तिथेच राहिले.

"इथंच लागला व्हता गोळा," ते हळूच म्हणाले. "आत आम्ही चौघं व्हतो. बस, सांगतो."

लताबाई हात न धुताच शेजारी बसल्या.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढेच म्हणेन, दुसऱ्याची वस्तू घासायला घेण्याआधी त्याचा हात तिथे काय शोधतो, ते एकदा विचारा.