सतरा नंबरचा ठोकळा

महारुद्रानं आयटीआयच्या वर्कशॉपात पाऊल टाकलं आणि तेलाचा, लोखंडाचा तोच वास नाकात शिरला. अठ्ठावीस वर्षं झाली, पण वास काही म्हातारा झाला नव्हता! खिडकीजवळचा आपला शेगडा, लोखंड आवळून धरायचा, त्यानं हुडकून काढला आणि त्याचा दांडा हलकेच एकदा फिरवून पाहिला.

फिटर ट्रेडच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना त्याचे वडील गेले. येलदरीच्या धरणावर रोजंदारीची जागा चालून आली. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देऊ म्हणाला. ते पुढचं वर्ष आज उगवलं. तेही नव्या ठेकेदारानं दम भरला म्हणून. "आयटीआयचा कागद दाखवा, न्हाईतर घरी बसा." पन्नाशीला टेकलेला माणूस घरी बसून काय करणार? बरं तर बरं, अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून परीक्षेला बसता येतं. देशभर एकच परीक्षा, देशभर चालणारा एकच कागद. संगणकावरचा लेखी पेपर निभावला; माऊस हातात बसेना, पण निभावला. आज प्रात्यक्षिक, म्हणजे घरचंच काम.

निदेशिका, म्हणजे वर्कशॉपात शिकवणारी मॅडम, होती सुकेशनी. त्याच्या जुन्या बॅचमधली एकुलती एक मुलगी, त्याच्या शेजारच्या शेगड्यावरची. सकाळी तिनं मान हलवून ओळख दिली, बोलली मात्र नाही. परीक्षेत कसलं बोलणं?

लोखंडाचा तुकडा हातात आला आणि त्याला तेव्हा शिकवणारे किशनराव सर आठवले. आता ते नाहीत. सरांचा दंडक होता, आधी लोखंडावर आपला नंबर ठोकायचा, मगच कानस उचलायची. महारुद्रानं नंबर ठोकला आणि कामाला भिडला. हात आपोआप चालायला लागला. कोपऱ्यात सरांचं खाकरणंसुद्धा ऐकू येतंय असं त्याला वाटलं. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दोन तास शिल्लक ठेवून त्यानं ठोकळा टेबलावर ठेवला.

बाहेरगावच्या परीक्षकांनी तो उलटून पाहिला. "हा सतरा नंबर कुणाचा? उमेदवार तर बाराच आहेत."

महारुद्राच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा आजचा नंबर चार! जित्याची खोड, दुसरं काय. हातानं जुनाच नंबर ठोकला होता.

"बाहेरून करून आणलेला दिसतोय," परीक्षक म्हणाले. "नापास."

"साहेब, शहाण्णव साली ह्याचा रोल नंबर सतरा होता," सुकेशनी म्हणाली. "सवयीनं ठोकला असंल."

"ओळखीचा आहे म्हणून बोलताय का, मॅडम?"

सुकेशनीचं तोंड लालबुंद झालं. ती तडक कपाटाकडे गेली आणि फडक्यात गुंडाळलेला एक जुना ठोकळा घेऊन आली. त्यावरही सतरा, आणि सात आजच्या ठोकळ्यावरच्यासारखाच डावीकडं कललेला. "हे त्याचंच काम. माझं ऐकू नका, त्याचा हात बघा."

परीक्षकांनी भंगारातला एक वेडावाकडा तुकडा उचलला. "माझ्यासमोर एक बाजू सरळ करा."

महारुद्रानं कपाळ पुसलं आणि कानस धरली. सगळं वर्कशॉप बघत होतं. अर्ध्या तासानं परीक्षकांनी त्या बाजूला गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावला आणि तुकडा खिडकीसमोर धरला. दोन्हींच्या मधून उजेडाची बारीकशी रेघसुद्धा दिसली नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग परीक्षेच्या ठोकळ्यावरचा सतरा खोडून स्वतः शेजारी चार ठोकला आणि गुण लिहून सही केली.

बाकीचे उमेदवार गेले, तरी महारुद्र जुना ठोकळा हातात घेऊन उभाच होता. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"मी तर हा धारदार ठेवला होता. असा झिजला कशानं?"

"हातानं," सुकेशनी म्हणाली. "सरांच्या कपाटात सापडला. मी निदेशिका झाल्यापासून दर बॅचला ज्याला कानस जमत न्हाई, त्याच्या हातात देते. म्हणते, ह्याच्यागत कर. लय पोरं शिकली ह्यावर, महारुद्रा. येलदरीची चार-पाच हायेत, तुझ्याच धरणावर कामाला."

महारुद्राला हुंदका आवरेना. आपण शिक्षण अर्धवट टाकून गेलो, ही सल त्यानं अठ्ठावीस वर्षं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. "एवढा मला देतीस का? घरी दाखवतो," तो कसाबसा म्हणाला.

तिनं ठोकळा त्याच्या हातातून काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळला.

"कागद आला की घेऊन जा. ह्यो न्हाई मिळायचा. सोमवारी नवी बॅच हाय."