पांढऱ्या घोड्याची खोड

लेक नुसती भाकरी चिवडत बसली, तेव्हाच कुंडलिकानं ओळखलं, हिचं काहीतरी हरवलंय. आळ्याचा हा हेडी. बैलांच्या खरेदी-विक्रीत हयात गेलेली, त्यामुळं मुकं दुःख त्याला डोळ्यांच्या कडांवरून कळायचं. त्याची बायको गोजरबाई चुलीपुढून टोमणा मारत होती, "ज्या घोड्याला ना चारा ना पाणी, त्याच्यापायी उपाशी आमची राणी."

दोन हजार आठ साल. साधना कॉलेजात शिकत होती. आठवड्यातून दोनदा आळेफाट्याच्या नेट कॅफेत जाऊन ती इंटरनेटवरचा एक खेळ खेळायची. शिंगरू असल्यापासून तिनं त्यात एक पांढरा घोडा वाढवला होता. खेळातल्या चीजवस्तूंचा बाजारही तिथंच भरायचा. कुणा परक्यानं घोड्याच्या बदल्यात उडता गरुड देऊ केला, पण आधी चालवून बघतो, पासवर्ड दे म्हणाला. हिनं दिला. त्यानं तो बदलला आणि खात्यासकट घोडा घेऊन पसार झाला.

परक्याला घरची किल्ली कुणी देतं का, असं आईनं विचारल्यावर साधना बापाकडं न बघता म्हणाली, "आबाच म्हणत्यात, जुंपून बघू दिल्याबिगर गिऱ्हाइकाचा इस्वास बसत न्हाई."

कुंडलिकानं हातातला घास ताटात ठेवला. बेल्ह्याच्या बाजारात तो हेच सांगत आला होता. पण गिऱ्हाईक बैल जुंपून बघतं तेव्हा मालक चार पावलांवर उभा असतो, हे लेकीला सांगायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासंगं फाट्यावर गेला. कॅफेच्या दारात त्यानं वहाणा काढल्या. पडद्यावरच्या बाजारात घोडा विकायला उभा होता. सवयीनं त्यानं आधी पाय पाहिले, मग दात शोधले. मग विचारलं, या बाजाराचा कारभारी कोण? साधनानं सांगितलं, खेळवाल्यांकडं दोनदा तक्रार केली. घोडा तुझाच कशावरून, असं विचारतात. कागद तर एकही नाही.

कुंडलिक खुर्चीच्या कडेला टेकला. "माझा ढवळा चोरीला गेला, तवा माझ्याकडं कुठं पावती व्हती? परगावच्या बाजारात घावला. पंचांनी इचारलं, तुझा कशावरून? मी म्हणलं, पाणी दाखवा त्याला. पयला घोट घेतो अन् मान वर करून मालकाला हुडकतो. चोराला बैल ठावा असतो बाय, बैलाची खोड ठावी नसती. तुझ्या घोड्याची खोड लिही."

तो विचारत गेला, ती लिहीत गेली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला. पहिलं नाव कापूस. पहिली झूल फाटली, तरी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली. पहिली लढाई दलदलीतल्या बेडकांशी, आणि तीही हरलेली. पुढं कितीतरी महिने ती घोडा लांबच्या वाटेनंच न्यायची. बेडकांचं सांगताना ती हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. कुंडलिक मनात म्हणाला, पोर जनावर वाढवत होती, अन् मी त्याला नुसता खेळ म्हणत होतो.

सहाव्या दिवशी खेळवाल्यांचं उत्तर आलं. सगळ्या खुणा पटल्या होत्या, खातं परत मिळालं. घोडा होता; खोगीर, घुंगुरमाळा, चोरानं सारं फुंकून टाकलं होतं. उघडी पाठ बघून साधनाचे डोळे भरले.

"जनावर घरी आलं ना?" कुंडलिक म्हणाला. "साज काय, परत चढंल."

आता नवा पासवर्ड टाकायचा होता. शेजारच्या खुर्च्या भरलेल्या. कुंडलिकानं इकडं-तिकडं पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि लेकीच्या दोन्ही हातांवर, बटणांवर पसरून टाकलं. बेल्ह्यात बैलाची किंमत अशीच ठरते. उपरण्याखाली बोटं बोटांशी बोलतात, बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही.

"आबा, मला बटणं दिसंनात."

"बोटांना दिसत्यात का?"

तिनं जरा चाचपून पाहिलं. "दिसत्यात."

"मग लिही," म्हणत त्यानं स्वतःचं तोंडही भिंतीकडं फिरवलं.