अर्ध्यावर कापलेली बेडणी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘काम करण्यास कायमची असमर्थ’ हे चार शब्द तुम्ही जानीच्या नावापुढे लिहिलेत, आणि लिहिताना मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

मित्रांनो, दचकू नका. हे भांडण तुमच्याशी नाही. साहेबांना हळू बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून आवाज चढला. तुम्ही ऐकता, तर तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी बेडणी आहे. आमच्या डहाणूकडे चिकूच्या वाड्या आहेत. लांब बांबूच्या टोकाला लोखंडी कडी आणि कडीला सुतळीची जाळी, अशी मी असते. चिकू कडीत घ्यायचा, हलका हिसका द्यायचा, की तो अलगद जाळीत येतो. जमिनीवर आपटलेला चिकू दोन दिवसांत नासतो, म्हणून वाडीत माझ्याशिवाय पान हलत नाही.

तलासरीच्या लडक्या नावाच्या कारागिराने २०१४च्या दिवाळीआधी मला घडवलं. बांबू विस्तवावर शेकून सरळ केला, गाठी तासल्या, वरून करंजाचं तेल चोळलं. तेव्हा मी चांगली दहा हात लांब होते. कैनाडला बागायतदार अण्णांच्या वाडीत मी आले आणि जानीच्या हातात पडले. जानी मागच्याच पाड्यावर राहायची. झाडाचा शेंडा गाठायचा असला की अण्णा म्हणायचे, “जानीला बोलवा.” ते ऐकून माझी मान ताठ व्हायची.

चिकूचं एक कसब आहे, ते आधी सांगते. चिकू कच्चा असो की तयार, वरून मातकटच दिसतो. म्हणून फांदीवरचा एक चिकू खाली घ्यायचा आणि अंगठ्याच्या नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर फांदी राहू द्यायची, पिवळसर दिसलं तर हात घालायचा. जानीचं नख कधी चुकलं नाही.

२०१६च्या पावसाळ्यात तिला छातीत गाठ लागली. कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, मग केमोचे आठ डोस. मी जानीच्या पडवीच्या कडेला पडून राहिले. माझ्या जाळीत कोळ्याने घर केलं, बुडाला वाळवी लागली. मला कोणी विचारलं नाही, आणि जानीला तरी किती जणांनी विचारलं? लोक लांबून बघायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे.

तिसऱ्या डोसानंतर जानी प्रवास-सवलतीच्या कागदासाठी तुमच्या कचेरीत आली, साहेब. डोक्यावर केस नव्हते, भुवया नव्हत्या, नखं काळी पडली होती. सवलत दिलीत, ते बरं केलंत. पण त्याच बैठकीत तुम्ही तो शेरा मारलात आणि सरकारी कामाच्या यादीतून तिचं नाव उडवलंत. पावसाळ्याआधी वाडीचं काम आटोपलं, की पाड्यातल्या बायका बांधबंदिस्तीला, तळं खणायला जातात. त्या यादीतून जानी गेली. आजारी माणूस बरा होतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं का?

२०१७च्या फेब्रुवारीत डोस संपले. ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, दोन्ही हातांनी काठी धरून रोज वर न्यायची, दुखेल तिथे थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडी आणखी वर.

जानीने काठी शोधली आणि मला पडवीतून ओढून आत आणलं. मी तिच्या खोपटात मावेना. एक टोक कुडाला लागलं, दुसरं चुलीत.

“कापतो,” तिचा नवरा धाकल्या म्हणाला.

“अण्णांची आहे ती.”

“अण्णांना सांगेन मी. बूड असंही वाळवीने खाल्लंय.”

त्याने कोयता घेतला आणि मला अर्ध्याहून कमी केलं. मित्रांनो, मला फार राग आला. शेंडा गाठणारी मी, आणि आता माणसाच्या उंचीची काठी. त्या दिवशी जानीने मला हातात घेतलं, माझ्या कापलेल्या टोकावरून हात फिरवला आणि म्हणाली, “कापलं तर कापलं. उरलंय ते कामाचं आहे ना?” मग माझा राग टिकला नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्या कमरेपर्यंत गेले. होळीला छातीपर्यंत. चैत्र सरता सरता कपाळापर्यंत. मध्ये चार दिवस ताप आला, तेव्हा पुन्हा कमरेवर आले, आणि जानी मला भिंतीला टेकवून नुसती बघत बसली. पाचव्या दिवशी पुन्हा उचललं. भात पेरणीला आला तेव्हा मी तिच्या डोक्यावर होते आणि धाकल्या ओरडत होता, “छप्पर फोडशील आता.” आधी विहिरीपर्यंत चालायची, मग वाडीच्या कुंपणापर्यंत. केस आले ते कुरळे आले. पाड्यातली म्हातारी बुधीबाई म्हणाली, “गं जानी, जुने दिलेस तिकडे नि नवे आणलेस काय?”

“बदलून आणले,” जानी म्हणाली. “तुझे द्यायचे तर सांग.”

दिवाळीनंतर ती वाडीत परतली. मी आखूड, म्हणून खालच्या फांद्या आमच्या वाट्याला. आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. नखं अजून पुरती आली नव्हती, बोटांची टोकं बधिर होती. हे तिने कोणाला सांगितलं नाही. खरवडायला नख नाही, म्हणून तिने नुसत्या अंदाजाने दोन पाट्या भरल्या. चार दिवसांनी व्यापाऱ्याकडून निरोप आला की माल सुरकुतला, पिकलाच नाही. सगळा कच्चा.

अण्णा ओरडले नाहीत. ते म्हणाले, “जानी, तू आता पाट्या मोजायला बस. सावलीत.”

“मला सावली नको, अण्णा,” जानी म्हणाली. “फांदी द्या.”

“आणि कच्चं काढलंस तर?”

“एक दिवस द्या. कच्चं निघालं तर मीच बसेन सावलीत.”

त्या रात्री तिने काय विचार केला ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या सकाळी तिने फांदीवरचा चिकू माझ्या जाळीतून खाली घेतला, पदराने पुसला आणि गालाला लावला. तयार चिकूच्या अंगावरची खरखरीत भुकटी झडून जाते, साल मऊ लागते. कच्चा चिकू गालाला टोचतो. बोटांना कळत नव्हतं, ते गालाला कळत होतं.

“बघा बघा,” बुधीबाई म्हणाली, “चिकूला मुके देते बाई.”

“तुझ्या नवऱ्यापेक्षा गोड आहे,” जानी म्हणाली, आणि सगळी वाडी हसली.

अण्णांनी तिच्या पाटीतले दहा चिकू उचलले आणि स्वतःच्या नखाने खरवडले. दहाही पिवळे. अण्णा म्हणाले, “उद्यापासून कडेची ओळ तुझी.” आठवडाभराने बुधीबाईसुद्धा कोणी बघत नाही असं पाहून चिकू गालाला लावायला लागली. मी पाहिलं आहे.

फेब्रुवारी २०१८मध्ये जानी मला घेऊन तुमच्या कचेरीत आली. शिपाई म्हणाला, “काठी बाहेर ठेव.” ती म्हणाली, “हाच माझा दाखला.” टेबलासमोर उभं राहून तिने मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं. कोपर सरळ, हात स्थिर. पंखा थोडक्यात वाचला. तुम्ही म्हणालात, “काठीचं मी काय करू? डॉक्टरचं आणा.” तिने डॉक्टरचं आणलं. तुम्ही म्हणालात, मुंबईचं चालत नाही, इथलं आणा. तिने इथलंही आणलं. तुम्ही अर्ज ठेवून घेतलात, शिक्का मारून पोच दिलीत, आणि आज २०१९चा मे महिना आहे.

मित्रांनो, मोडक्या वस्तू फेकायची घाई करू नका. माझी जाळी बदला, मला वर्षातून एकदा तेल लावा, मी अजून दहा वर्षं चिकू काढीन. माणसाला तर तेवढंही लागत नाही. त्याच्या हातून काम काढून घेऊ नका, एवढंच पुरे आहे.

आता साहेब, पुन्हा तुमच्याकडे. पोच जानीच्या पत्र्याच्या पेटीत आहे, तारखेसकट. तळ्याचं काम पुढच्या सोमवारी सुरू होतंय. मान वर करा, तिच्याकडे बघा आणि सांगा, यादीत जानीचं नाव कोणत्या तारखेला घालता?