पावडर जळली नाही, मी जळालो

मी भुसा बोलतोय. लाकडाचा भुसा, पडेगावच्या सॉ मिलमधला. बाभळीच्या ओंडक्यावर करवत फिरली की मी खाली सांडायचो. मला कुणी माल म्हणत नसे. गोण्यांत भरून वाळूजच्या एका गोदामात आणलं, तेव्हा वाटलं, चला, कामाला आलो. फरशीवर तेल सांडलं की माझ्या दोन मुठी टाकायच्या, मी ते पिऊन घ्यायचो. त्याचा मला अभिमान होता. आज त्याच सवयीची लाज वाटते.

गोदामात सायली माल लावून घ्यायची. तिचा धाकटा भाऊ इंद्रजीत टेम्पो चालवायचा. एकदा उतरवताना पांढऱ्या पावडरीचं नवं पोतं फाटलं. पोत्यावर चित्र होतं, गोल आणि त्यावर जाळ.

"इंद्या, हात लावू नको. सायबाला विचारते."

"साहेब जेवून येईस्तोवर माझा टेम्पो अडकवतीस व्हय? मीठ असंल. तू तर उदबत्तीला बी भितीस."

"भिते म्हणूनच तुझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकले."

त्यानं चिमूटभर पावडर बाजूला घेऊन काडी लावली. काडी विझली, पावडर तशीच.

"बघ, जळतंय का? नाय. टाक भुसा."

तीही हसली. तिनं मला पसरलं, पावडरीसकट झाडून डब्यात भरलं. मी नेहमीसारखं सगळं पोटात घेतलं.

दुपारी शेजारी रॅक जोडताना वेल्डिंगची ठिणगी डब्यात पडली. एरवी मी धुमसतो, माणसाला पळायला वेळ देतो. त्या दिवशी दिला नाही. सायली डब्याजवळच होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

कोपऱ्यातल्या गोणीत मी थोडा उरलो होतो. चौकशीत इंद्रजीत म्हणाला, "ताईनंच भरला भुसा." खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लाज वाटली.

चौकशीच्या हिमानी मॅडमनी मला आणि पावडरीला प्रयोगशाळेत नेलं. इंद्रजीत जबाबावर सही करायला तिथं आला आणि बोलून गेला, "पण मॅडम, ती तर काडीनं पेटत नव्हती."

"काडी कुणी लावली?"

त्यानं सहीचा पेन खाली ठेवला.

मॅडमनी काचेमागं दोन ढीग केले. एकात मी एकटा, दुसऱ्यात मी आणि पावडर. दोन्हींना तापलेल्या तारेनं पेटवलं. एकटा मी धुमसत राहिलो. दुसरा ढीग त्यांनी घड्याळ बघेपर्यंत संपला.

"ही स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळते. म्हणून तिला एकटीला तपासून कळत नाही. जळणाऱ्या वस्तूत मिसळूनच बघावं लागतं, तेही इथं, काचेमागं."

इंद्रजीत काचेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला नीट लिहिता येत नाय. तुम्ही लिहा. ताई नको म्हणत होती, हे सगळ्यात वर लिहा. काडीचं माझ्या नावावर."

मॅडमनी कोरा कागद घेतला.

मी आता बरणीत मूठभर उरलोय. सांडलंय ते काय आहे, हे कळेस्तोवर मला बोलावू नका. मला नको म्हणता येत नाही. सायलीला ते आलं होतं.